नळीच्या टोकाची घडण आणि तिची हत्यारे

यंत्रशाळेत नळीइतकी साधी वस्तू क्वचितच दुसरी असेल. लांबी, बाहेरचा व्यास आणि भिंतीची जाडी एवढी तीन मापे सांगितली की तिचे वर्णन पुरे होते. ती गिरणीतून घडून येते, तपासली जाते आणि योग्य धातूची असल्यास वर्षानुवर्षे निमूटपणे काम करते. तथापि नळी एकटी कोठेच काम करीत नाही. ती कशाला तरी जोडावी लागते, आणि जोडावयाची म्हटली की तिच्या टोकाला काही आकार द्यावा लागतो. वातानुकूलन यंत्रातील वायू निसटतो, मोटारीचा ब्रेक ऐनवेळी दगा देतो, साखर कारखान्यातील ज्यूस हीटर गळू लागतो, तेव्हा दोष बहुधा नळीच्या मधल्या लांबीत नसून शेवटच्या बोटभर भागात सापडतो. या बोटभर भागाची घडण कोणत्या हत्यारांनी होते आणि ती कोठे चुकते, याचा विचार येथे केला आहे.

टोकाला द्यावयाचे आकार अनेक आहेत. तांब्याच्या एका नळीचे तोंड रुंद करून दुसरी नळी त्यात बसविली आणि झाळ दिली, म्हणजे वेगळा सांधा-तुकडा लागत नाही व दोन ठिकाणच्या झाळण्याऐवजी एकच झाळणे पुरते. लोखंडी खुर्चीच्या किंवा तंबूच्या खांबाच्या नळीचे टोक आवळून बारीक केले की ते दुसऱ्या नळीत सरकते. मोटारीच्या रेडिएटरला जेथे रबरी नळी चढवितात, तेथे धातूच्या टोकाभोवती एक कंगोरा उठविलेला असतो. पट्टा आवळल्यावर रबर त्या कंगोऱ्यामागे अडकून राहते. कोठे तोंड कर्ण्यासारखे पसरतात, कोठे कड बाहेर वळवितात, तर कोठे आत दुमडतात.

यांपैकी बहुतेक कामे थंड अवस्थेतच होतात. धातू तापवून मऊ करणे सोपे वाटते. पण त्यामुळे माप बदलते, पृष्ठभागावर पोपडा धरतो आणि वेळही जातो. म्हणून दाबयंत्रात नळी दोन अर्ध्या जबड्यांमध्ये घट्ट पकडतात आणि समोरून पंच पुढे सरकवितात. पंच नळीत शिरला तर टोक रुंदावते. त्याऐवजी पोकळ साचा बाहेरून चढविला तर टोक आवळले जाते.

धातूचा हिशेब

टोक घडविताना धातू नाहीसा होत नाही किंवा नवा येत नाही, तो केवळ एका जागेवरून दुसऱ्या जागी जातो. ही गोष्ट सांगावयास सोपी आहे. मात्र हत्यार तयार करणाऱ्याची सारी कसोटी तीतच आहे. टोक रुंदावले की परीघ वाढतो, आणि तो वाढावयास लागणारा धातू भिंतीच्या जाडीतून व थोडाबहुत लांबीतून येतो. टोक आवळले की उलट होते. परीघ कमी होतो, भिंत जाड होते आणि नळी किंचित लांबते. दोन्ही दिशांना मर्यादा आहेत. रुंदावण्याची मर्यादा ओलांडली की कड फाटते, आवळण्याची ओलांडली की भिंतीला सुरकुत्या पडतात किंवा नळी जबड्याच्या मागे दबून चुरगळते.

याचे एक घरगुती उदाहरण घेता येईल. खोलीत भिंतीवर बसविलेल्या वातानुकूलन यंत्राच्या नळ्या तांब्याच्या असतात व त्यांची टोके ४५ अंशांच्या कोनात पसरून पितळी नटाने आवळलेली असतात. यास फ्लेअर असे म्हणतात. आर-४१०ए या वायूसाठी ६.३५ मिलिमीटर व्यासाच्या नळीचे तोंड ९.१ मिलिमीटरपर्यंत पसरावे, असे माप ठरलेले आहे. म्हणजे कडेचा परीघ सुमारे ४३ टक्क्यांनी वाढतो. नळीची भिंत ०.८ मिलिमीटर धरली, तर पसरल्यावर कडेपाशी ती साधारण ०.६७ मिलिमीटर उरते. एवढा ताण सोसण्यासाठी तांबे पूर्ण मऊ असावे लागते. एकदा वाकवून, सरळ करून, पुन्हा वाकविलेली नळी हाताळणीनेच कठीण झालेली असते आणि तिची कड पसरताना तडकते. अशी कड नटाखाली झाकली जाते व दिसत नाही. पुढे काही महिन्यांत वायू कमी होतो, आणि दोष मात्र यंत्राच्या माथी मारला जातो.

जुन्या आर-२२ वायूसाठी हेच माप ९.० मिलिमीटर होते. अर्ध्या इंचाच्या नळीत फरक अधिक दिसतो, तेथे १६.२ मिलिमीटरवरून माप १६.६ वर गेले. हा बदल सहज झालेला नाही. आर-४१०ए चा दाब आर-२२ च्या सुमारे १.६ पट असतो. दाब वाढला म्हणून नटाखाली बसणारी वाटी रुंद करावी लागली. आर-३२ वायूचा दाबही आर-४१०ए च्या जवळपासच आहे. जुनेच हत्यार जुन्याच सवयीने वापरणारा कारागीर या नव्या यंत्रावर नेमका एवढ्याच फरकाने चुकतो.

फ्लेअरच्या हत्यारातही सुधारणा झाली आहे. पूर्वी सरळ शंकू स्क्रूने दाबीत असत. तो सर्व बाजूंना एकाच वेळी घासत असल्याने कडेवर ओरखडे उठत आणि भिंत एका बाजूस अधिक पातळ होई. आताच्या चांगल्या हत्यारात शंकूचा आस थोडा बाजूला ठेवलेला असतो. तो कडेवरून गोल फिरत, लाटण्याने पोळी लाटावी तसा धातू लाटीत जातो. पृष्ठभाग गुळगुळीत येतो व जाडी चहूकडे सारखी राहते. एवढे करूनही नळी कापल्यावर आतली धार रीमरने काढली नाही तर उपयोग नाही. धार काढताना नळीचे तोंड खाली धरावे, नाहीतर तांब्याचा किस आत पडून थेट कॉम्प्रेसरपर्यंत जातो. आणि फ्लेअर करण्यापूर्वी नट नळीवर चढविलेला असावा. हे वाक्य वाचून हसू येईल. पण सुंदर फ्लेअर करून झाल्यावर नट बाहेरच राहिल्याचे ध्यानात आले नाही, असा उमेदवार औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या कोणत्याही वर्गात विरळा.

ब्रेकच्या नळीची दुहेरी घडी

मोटारीच्या ब्रेकची नळी पोलादी असते. तिचा बाहेरचा व्यास सर्वसाधारणपणे ४.७५ मिलिमीटर आणि भिंत सुमारे ०.७ मिलिमीटर असते. पोलाद तांब्याइतके ताणत नाही. त्याची कड एकदम ४५ अंशांत पसरली तर ती फाटण्याचा धोका असतो, आणि फाटली नाही तरी पातळ एकेरी कडेवर नटाचा दाब टिकत नाही. म्हणून येथे काम दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात खाचेचा पंच टोकावर दाबून कड आत वळवितात, त्यामुळे टोकाशी एक फुगा तयार होतो. दुसऱ्या टप्प्यात शंकूचा पंच तो फुगा आत दाबतो, आणि धातूचे दोन थर एकमेकांवर बसून दुहेरी फ्लेअर तयार होतो. काही वाहनांत पहिल्या टप्प्यासारखा फुगाच ठेवतात. त्याची बैठक वेगळ्या आकाराची असते. एका प्रकारचे टोक दुसऱ्या प्रकारच्या बैठकीत आवळले तर प्रथम बसल्यासारखे वाटते. परंतु सांधा भरवशाचा होत नाही. ही चूक रस्त्यावरच्या दुरुस्तीत होते आणि तिची किंमत घाटात मोजावी लागते.

दोन टप्प्यांच्या या कामात पंच आणि जबडे यांचा मध्य एका रेषेत असणे सर्वांत महत्त्वाचे. मध्य चुकला की फुगा तिरका येतो, मग दुसरा टप्पा त्याला सरळ करू शकत नाही. कारखान्यात हे दाबयंत्राच्या घडणीनेच साधते. हातहत्यारात मात्र नळी जबड्यातून किती बाहेर काढली, ती काटकोनात कापली आहे की नाही, हे पाहणे कारागिरावरच असते. जबड्यांच्या आतील बाजूस बारीक दाते असतात. ते झिजले की नळी मागे सरकते, व फुगा लहान राहतो. पंच उच्च-कार्बन उच्च-क्रोमियम पोलादाचा, पाणी देऊन कठीण केलेला आणि आरशासारखा घासलेला असावा लागतो. नळी स्टेनलेस पोलादाची असेल तर एवढेही पुरत नाही. हा धातू हत्याराला चिकटतो, त्याचे कण पंचावर बसतात आणि पुढच्या प्रत्येक नळीवर ओरखडा ओढतात. अशा वेळी पंचाला ॲल्युमिनियम-ब्राँझचा थर किंवा तुकडा वापरतात व वंगणाबाबत हात आखडता घेत नाहीत.

जेथे दाबयंत्र पोहोचत नाही

आतापर्यंत सांगितलेल्या कामांत नळी हत्याराकडे आणता येते. पण हजारो नळ्या एका जाड पत्र्याच्या भोकांत बसवावयाच्या असतील, तर हत्यारालाच नळीत शिरावे लागते. बॉयलर आणि साखर कारखान्यातील ज्यूस हीटर व इव्हॅपोरेटर यांची रचना अशीच आहे. महाराष्ट्राला या कामाचे अगत्य वाटावे याचे कारण उघड आहे. १९५० साली लोणी येथे, आजच्या प्रवरानगरात, सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले. त्यानंतर ऊस पिकविणाऱ्या प्रत्येक पट्ट्यात असे कारखाने उभे राहिले, आणि त्या प्रत्येकात नळ्यांची टोके हजारोंनी आहेत.

किती हजार, याचा अंदाज सहज करता येतो. इव्हॅपोरेटरची नळी ४५ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाची व दोन मीटर लांबीची धरली, तर तिचे तापपृष्ठ सुमारे ०.२८ चौरस मीटर होते. एक हजार चौरस मीटर तापपृष्ठाच्या एका पात्राला अशा सुमारे साडेतीन हजार नळ्या लागतात, म्हणजे टोके सात हजार. पात्रे चार किंवा पाच, शिवाय हीटर वेगळे. यांपैकी एकही टोक झाळलेले नसते, आट्याचे नसते, मध्ये रबर नसते. धातू धातूवर दाबून बसविलेला असतो, एवढाच काय तो सांधा.

या सांध्याचे तत्त्व मोठे सुरेख आहे. नळी ट्यूब-प्लेटच्या भोकात सैल सरकते. आतून रोलर फिरवून तिची भिंत बाहेर ढकलली की ती प्रथम भोकाला टेकते. आणखी ढकलले की नळीचा धातू कायमचा पसरतो आणि त्याच्याबरोबर प्लेटही किंचित ताणली जाते. मात्र जाड असल्यामुळे ती आपल्या लवचिक मर्यादेतच राहते. रोलर काढून घेतले की प्लेट मूळ मापाकडे परतू पाहते. नळी तेवढी परतत नाही. ही प्लेटची परत येण्याची ओढ म्हणजेच सांध्याची पकड. म्हणून नळीचा धातू प्लेटपेक्षा मऊ असावा, हा जुना नियम आहे. नळी प्लेटहून कठीण असेल तर रोलर काढल्यावर तीच अधिक आक्रसते व सांधा सैल राहतो.

हे काम करणाऱ्या हत्यारास ट्यूब एक्स्पांडर म्हणतात. रोलरचे एक्स्पांडर एकोणिसाव्या शतकात, वाफेच्या इंजिनांच्या भरभराटीच्या काळात प्रचारात आले, आणि त्याचा गाभा आजही तोच आहे. मध्ये निमुळता दांडा, म्हणजे मँड्रेल. त्याभोवती पिंजऱ्यात बसविलेले तीन किंवा अधिक रोलर. आणि नळीच्या तोंडाशी टेकणारी कॉलर. मँड्रेल आत सरकला की रोलर बाहेर ढकलले जातात. यात दोन बारकावे आहेत. रोलरही निमुळते असतात, मात्र उलट दिशेने आणि मँड्रेलच्या निम्म्या उताराचे. त्यामुळे मँड्रेल पुढे बारीक होत जातो तसे रोलर जाड होत जातात, आणि दोहोंची बेरीज सर्वत्र सारखी राहून नळी समांतर पसरते. दुसरे म्हणजे रोलर पिंजऱ्यात अगदी सरळ नसून किंचित तिरपे असतात. त्यामुळे मँड्रेल फिरविला की तो स्क्रूसारखा आपोआप आत ओढला जातो, ठोकावा लागत नाही; उलट फिरविला की बाहेर येतो.

बॉयलरच्या नळीबाबत एवढ्यावर काम संपत नाही. पाणनळी बॉयलरमध्ये नळीचे टोक ड्रमच्या आत थोडे पुढे आलेले असते, आणि ते घंटेच्या तोंडासारखे पसरविणे आवश्यक असते. पकड कधी ढिली झालीच, तर हे पसरलेले तोंड नळीला भोकातून निसटू देत नाही. अग्निनळी बॉयलरमध्ये टोकाची कड प्लेटवर गोल वळवून बसवितात, कारण पुढे आलेली मोकळी कड ज्वाळेने जळून जाते.

किती पसरावे

येथे सर्वांत अवघड प्रश्न येतो. एका नळीचा हिशेब मांडून पाहू. स्टेनलेस पोलादाची नळी ४५ मिलिमीटर व्यासाची, भिंत १.२ मिलिमीटर, तेव्हा आतला व्यास ४२.६. भोक ४५.४ मिलिमीटर. भोक आणि नळी यांतील अंतर ०.४ मिलिमीटर. आतला व्यास ४३.० झाला की नळी भोकाला नुसती टेकते. पकड अद्याप शून्य. आता भिंत सहा टक्क्यांनी पातळ करावयाची ठरविली, तर दोन्ही बाजूंची मिळून ती सुमारे ०.१४ मिलिमीटर घटते व आतला व्यास ४३.१४ होतो. येथे थांबावयाचे. म्हणजे एकूण ०.५४ मिलिमीटरच्या पसरणीत खऱ्या पकडीचा वाटा केवळ ०.१४ मिलिमीटर, दोनतीन केसांच्या जाडीएवढा.

धातूप्रमाणे टक्के बदलतात. साध्या पोलादाच्या नळ्यांना सात-आठ टक्के, तांब्याच्या मिश्रधातूंना त्याहून थोडे अधिक, स्टेनलेसला कमी असे साधारण प्रमाण कारागीर धरतात. अंतिम आकडा नळी बनविणाऱ्याने किंवा यंत्राच्या आराखड्याने दिलेला असावा. परंतु आकडा कोणताही असला तरी भोकाचे माप घेतल्यावाचून त्याला अर्थ नाही. वरच्याच उदाहरणात पूर्वी दोनदा नळ्या बदलल्यामुळे भोक ४६.० मिलिमीटर झालेले असेल, तर ४३.१४ वर थांबलेली नळी भोकाला टेकलेलीसुद्धा नसेल.

कमी पसरलेला सांधा गळतो, हे सर्वांना कळते. अधिक पसरलेल्या सांध्याचे अपाय उशिरा कळतात, म्हणून ते अधिक घातक होत. दोन भोकांमधील प्लेटचा अरुंद पट्टा, ज्यावर साऱ्या पकडीची भिस्त असते, तो कायमचा दबतो. शेजारचे भोक लंबगोल होते आणि आधी नीट बसलेली शेजारची नळी सैल पडते. ती गळू लागली की कारागीर तिलाही आणखी पसरतो, आणि गळती पुढच्या नळीकडे सरकते. खुद्द जास्त पसरलेली नळी थंड घडणीने कठीण व ठिसूळ होते. सांधा गळतो म्हणून पुन्हा पुन्हा एक्स्पांडर फिरविणे हा उपाय नव्हे. तो रोग पसरविण्याचा मार्ग आहे.

आत किती लांबपर्यंत पसरावे, यालाही मर्यादा आहे. रोलर प्लेटच्या आतील पृष्ठाच्या पुढे गेले तर तेथे नळी फुगते आणि प्लेटच्या कडेवर कापली जाते. म्हणून प्लेटची जाडी संपण्यापूर्वी सुमारे तीन मिलिमीटर थांबण्याची पद्धत आहे. उष्णता-विनिमय यंत्रांच्या भोकांत सुमारे तीन मिलिमीटर रुंद आणि ०.४ मिलिमीटर खोल अशा दोन गोल खाचा पाडतात. पसरताना नळीचा धातू त्यांत शिरतो व ओढीला विरोध करतो. गोल खाच अशी उपकारक, पण भोकाच्या लांबीच्या दिशेने पडलेला साधा ओरखडा मात्र गळतीचा तयार मार्ग ठरतो. जुनी नळी काढताना छिन्नी निष्काळजीपणे चालविली की असे ओरखडे पडतात. नव्या नळीचा मग काही दोष नसतो.

गळालेला रस कोठे जातो

ज्यूस हीटरमध्ये नळीतून रस जातो आणि बाहेरून वाफ असते. रस पंपाने ढकललेला असल्यामुळे त्याचा दाब भोवतीच्या वाफेहून अधिक असतो. टोक सैल असेल तर रस वाफेच्या बाजूस येतो व वाफेच्या थंड झालेल्या पाण्यात, कंडेन्सेटमध्ये, मिसळतो. इव्हॅपोरेटरमध्ये चालू कामात वाफेचा दाब अधिक असल्याने उलट वाफच रसात शिरते. मात्र वाफ बंद करून पात्र थांबविले की रसाला वाट मोकळी होते. कंडेन्सेट हे शुद्ध आणि गरम पाणी. ते बॉयलरला परत देणे हीच कारखान्याची मोठी इंधन-बचत. त्यात साखर गेली तर बॉयलरच्या उष्णतेने तिचे विघटन होऊन आम्ले तयार होतात, पाणी फेसाळते, फेस वाफेबरोबर पुढे जातो आणि नळ्यांच्या आत करपलेला थर बसतो. थराखालची नळी थंड राहू शकत नाही. ती तापून फुगते व फुटते.

पूर्वी साखर कारखान्यांचे बॉयलर चौरस सेंटिमीटरला २१ किंवा ३२ किलोग्रॅम दाबाचे असत. बगॅसवर वीजनिर्मिती सुरू झाल्यापासून ६७, ८७, तसेच ११० किलोग्रॅम दाबाचे बॉयलर बसविले गेले आहेत. दाब जितका अधिक तितका पाण्यातील अशुद्धतेबाबतचा सोशिकपणा कमी. म्हणून प्रयोगशाळेत कंडेन्सेटची अल्फा-नॅप्थॉल चाचणी वारंवार घेतात. नमुन्यात अल्फा-नॅप्थॉलचे थेंब टाकून तीव्र गंधकाम्ल हळूच परीक्षानळीच्या कडेने सोडले की, साखरेचा अंश असल्यास दोन थरांच्या सीमेवर जांभळे कडे उमटते. कडे दिसले की ते पाणी बॉयलरकडून तत्काळ वळवावे लागते.

ऑफ-सीझनमधील काम

गाळप संपल्यानंतरचे पावसाळ्याचे महिने नळ्यांच्या दुरुस्तीचे असतात. या कामाचा ठेका नळीमागे दर ठरवून दिला जात असेल, तर दिवसाकाठी किती टोके झाली याकडेच लक्ष राहते आणि किती टोके मोजली याकडे कोणी पाहत नाही. दराच्या करारातच मोजणीची अट घातलेली बरी. काम सुरू करण्यापूर्वी भोके घासून स्वच्छ करावीत, त्यांची मापे नोंदवावीत. नळीच्या बाहेरील बाजूस व भोकात तेलाचा अंशही राहू नये. वंगण फक्त नळीच्या आत, रोलरसाठी. भोक आणि नळी यांच्यामध्ये सापडलेले तेल तेथेच कोंडते आणि धातूला धातूशी भिडू देत नाही.

मग काही नळ्या पसरून आतला व्यास तीन-बिंदू गेजने मोजावा. वायूवर किंवा विजेवर चालणाऱ्या आधुनिक मोटारीला ठराविक पीळ येताच थांबण्याची सोय असते. पण तो पीळ किती ठेवावयाचा, हे या चाचणीच्या नळ्यांवरूनच ठरते. कारागिराने बदलल्यावर, रोलर झिजल्यावर किंवा नळीचा नवा लॉट आल्यावर ते पुन्हा ठरवावे लागते. सुरुवातीला प्लेटच्या निरनिराळ्या भागांतील थोड्या नळ्या पक्क्या करून प्लेट जागच्या जागी धरतात. नंतर समोरासमोरच्या भागांत आळीपाळीने काम करतात. एका कडेपासून ओळीने पसरत गेले तर प्रत्येक नळी प्लेटला किंचित ढकलते, आणि शेवटच्या ओळीपर्यंत ती बाक धरते. मँड्रेल व रोलर ठराविक टोकांनंतर केरोसिनमध्ये धुवावेत. कचरा अडकून एक रोलर फिरेनासा झाला की तो नळीत चर पाडतो.

फ्लेअर करणे, नळ्या जोडणे हे औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या फिटर आणि शीतकरण या शाखांत हाताने करून घेतले जाते. एक्स्पांडरचे काम मात्र बहुतांशी ऑफ-सीझनमध्ये जुन्या फिटरच्या हाताखाली शिकले जाते. जुना फिटर मोटारीच्या आवाजावरून नळी टेकल्याचे ओळखतो, आणि त्याचे ओळखणे सहसा चुकत नाही. तरीही त्या कानाला गेजची जोड हवी. बॉयलरच्या बाबतीत तर निरीक्षणाचे व चाचणीचे बंधन कायद्यानेच आहे. १९२३ च्या अधिनियमाची जागा घेऊन २०२५ चा बॉयलर अधिनियम आला, तेव्हाही हे बंधन कायम राहिले.

काम पूर्ण झाल्यावर कॅलेंड्रियात, म्हणजे नळ्यांभोवतीच्या वाफेच्या पोकळीत, पाणी भरून दाब देतात. त्यापूर्वी सर्व टोके फडक्याने कोरडी पुसलेली असावीत, नाहीतर घामाचा थेंब आणि गळतीचा थेंब यांत फरक करता येत नाही. दोन माणसे, एक वर व एक खाली, विजेरी घेऊन ओळीओळीने पाहत जातात. जेथे पाणी पाझरते तेथे खडूने खूण करतात व नळीचा क्रमांक वहीत लिहितात. दाब उतरवून त्या टोकाचा आतला व्यास मोजतात. तो कमी भरला तर हलक्या हाताने एकदा पसरतात. व्यास पुरेसा असूनही पाणी पाझरत असेल तर दोष भोकात आहे असे समजून नळी बाहेर काढतात आणि ओरखडा घासून काढतात. गाळपाची तारीख तोंडावर आलेली असेल, तर दोन्ही टोकांना निमुळते धातूचे डाट ठोकून ती नळी त्या हंगामापुरती बंद करतात, आणि पुढच्या पावसाळ्यात प्रथम तिच्यापासूनच काम सुरू व्हावे म्हणून वहीत तिच्या क्रमांकापुढे तशी नोंद करून ठेवतात.